पाच रेषांच्या गर्दीत अक्षरं वाचता यावीत म्हणून

व्हायोलिन वाजवणाऱ्याची नजर हातांच्या थोडी पुढे धावत असते. हात या बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका खंडात, आणि डोळे पुढच्या, कधी त्याच्याही पुढच्या बारमध्ये. या धावत्या नजरेसमोर काय काय येतं? स्टाफच्या पाच आडव्या रेषा, स्वरांची काळी-पांढरी डोकी, त्यांचे उभे दांडे, दांड्यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या, बार संपल्याच्या उभ्या रेषा म्हणजे बारलाइन, वरून कमानीसारखे जाणारे स्लर. आणि या सगळ्यात कुठेतरी तिरक्या अक्षरांत लिहिलेलं 'दोल्चे', म्हणजे गोड वाजव. हा शब्द वाचायला फार तर अर्धा सेकंद मिळतो. चालत्या एसटीची पाटी वाचावी तसं वाचायचं, परत मागे वळून बघायची सोय नाही.

पाश्चात्त्य नोटेशनमध्ये स्वर कोणता आणि किती वेळ, हे चिन्हं सांगतात. पण किती जोरात, कोणत्या भावनेनं, गजानं की बोटांनी छेडून, हे सांगायला अक्षरंच लागतात. वाद्यसंगीतात पी म्हणजे हळू आणि एफ म्हणजे जोरात, अशा खुणा छापल्याचं सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक म्हणजे व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीची 1597 सालची 'सोनाता पियान ए फोर्ते'. तिथे दोन शब्दांत काम भागत होतं. पुढच्या तीनशे वर्षांत हा मजकूर वाढतच गेला. चायकोव्हस्कीनं 1893 च्या सहाव्या सिंफनीत बसून नावाच्या फुंकवाद्याच्या एका तुकड्याखाली एकापुढे एक सहा पी लिहिले. माहलर जर्मनमध्ये अख्खी वाक्यं लिहायचा. पर्सी ग्रेंजरनं तर इटालियनला रामराम ठोकून 'लाउडन लॉट्स' अशी रोखठोक इंग्रजी वापरली. कागदाची रुंदी मात्र तेवढीच राहिली.

मुद्दा असा की रेष आणि अक्षर यांची टक्कर झाली की हरतं ते अक्षरच. स्वराच्या डोक्यावरून स्लरची कड गेली तरी तो स्वर ओळखू येतो. अक्षरावरून उभी रेष गेली की त्याचं दुसरंच अक्षर होतं. 'दोल्चे'च्या रोमन स्पेलिंगमध्ये मधोमध एल आहे, म्हणजे एक उभी रेघ. तिच्या शेजारून बारलाइन गेली तर दोन एल दिसतात. एमएफ म्हणजे मध्यम जोर. त्यातल्या एमवर स्वराचा दांडा आला की उरतो नुसता एफ, आणि वादक दणक्यात सुरुवात करतो. चूक त्याची नसते.

मग टक्कर होऊ नये म्हणून हलायचं कुणी? स्वर वर-खाली हलू शकत नाही, कारण त्याची उंची म्हणजेच त्याचा सूर. तो डावीकडे-उजवीकडेही फारसा हलत नाही, कारण चांगल्या छपाईत दोन स्वरांमधली मोकळी जागा त्यांच्या लांबीच्या हिशेबानं ठेवलेली असते. वादकाची नजर लय त्या जागेवरूनही ओळखते. 'एस्प्रेस्सिव्हो', म्हणजे भावपूर्ण, हा लांबलचक शब्द बसावा म्हणून एक बार ताणला, तर त्या बारमधले आठव्या भागाचे आखूड स्वर पाव भागाच्या लांब स्वरांसारखे दिसायला लागतात. म्हणून जाणकार कोरणारा, म्हणजे संगीताचं पान मांडणारा, मजकुरासाठी स्वर सरकवायला नाखूश असतो. लिलिपाँड नावाचं संगीत मांडायचं मोफत सॉफ्टवेअर मजकुराची रुंदी मुळात शून्य धरून चालतं, ते याच कारणानं. शब्द लांब असला तरी खालचे स्वर आपापल्या जागी राहतात. स्लरचा बाक थोडा बदलता येतो, आवाज वाढवण्या-कमी करण्याची ती लांब, एका टोकाला उघडी खूण, जिला हेअरपिन म्हणतात, ती आखूड करता येते, दोन स्टाफमधलं अंतर वाढवता येतं. पण सर्वांत आधी सरकतो तो मजकूरच.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. मजकूर स्वरापासून लांब गेला की तो कुणाचा, हे कळेनासं होतं. दोन स्टाफच्या बरोबर मधे पडलेला 'कान्ताबिले', म्हणजे गायल्यासारखं वाजव, हा वरच्या बासरीचा की खालच्या ओबोचा? वाचता येईल इतका लांब आणि आपला वाटेल इतका जवळ, या दोन टोकांमधल्या एखाद-दोन मिलिमीटरांत सगळं कसब आहे.

ही ओढाताण सुसह्य होते ती हुद्द्यांमुळे. छापील संगीतात मजकुराला सरसकट एकच वळण नसतं. गती सांगणारे शब्द, अदाज्यो म्हणजे संथ, अलेग्रो म्हणजे जलद वगैरे, ठळक सरळ अक्षरांत स्टाफच्या वर. वाजवण्याचं तंत्र सांगणारे शब्द, जसं पित्सिकातो म्हणजे तार बोटानं छेडणं, ते साध्या सरळ अक्षरांत, तेही वर. भाव सांगणारे शब्द तिरक्या अक्षरांत, बहुतेक वेळा खाली. आणि पी, एफ, एम ही जोराची अक्षरं वेगळ्याच जाड, तिरक्या, गोंडेदार वळणाची. ही संगीताच्या फाँटमध्येच असतात, आणि तिथे असतात ती जेमतेम सहा-सात अक्षरं. म्हणून 'पिऊ एफ', म्हणजे अजून जोरात, असं लिहिताना 'पिऊ' साध्या तिरक्या अक्षरांत आणि एफ संगीताच्या फाँटमध्ये, अशी जोडी करावी लागते. सगळंच एका फाँटमध्ये टंकलं तर निम्मी अक्षरं गायब, किंवा एफला वजनच नाही.

या हुद्द्यांचा फायदा असा की शब्द वाचायच्या आधीच तो कोणत्या जातीचा हे नजरेला कळतं. वर ठळक काही दिसलं की गती बदलणार. खाली जाड तिरकं दिसलं की जोर बदलणार. पुरा शब्द मागाहून वाचला तरी चालतं, हात आधीच सावध झालेले असतात. नवखे लोक हौसेनं सगळ्या सूचना तिरक्या-ठळक करतात, तेव्हा हीच आगाऊ खबर बंद होते. मला विचाराल तर कुरूप फाँटपेक्षा हा अपराध मोठा.

जागेचेही नियम वाद्यागणिक बदलतात. पियानोचे दोन स्टाफ, त्यामुळे जोराच्या आणि भावाच्या सूचना दोन्हींच्या मधे. गायकाच्या ओळीखाली गाण्याचे शब्द असतात, म्हणून तिथे जोराच्या खुणा वर जातात. हे एकदा ठाऊक झालं की मराठी भावगीत स्टाफवर उतरवणाऱ्यांच्या कागदावर शब्द आणि पी-एफ यांची जी झोंबाझोंबी दिसते, ती टाळता येते.

खरी परीक्षा बघायची असेल तर बेटोव्हेनचा ओपस 110 घ्या, 1821 सालचा पियानो सोनाटा. त्यातला अदाज्यो भाग उघडला की पहिल्या काही बारांतच सूचनांचा पाऊस पडतो. आधी 'अदाज्यो मा नॉन त्रोप्पो', मग 'रेचितातिव्हो', 'पिऊ अदाज्यो', 'आंदान्ते', परत 'अदाज्यो', मधे 'मेनो अदाज्यो'. बोलल्यासारखं वाजवायचं, दर श्वासाला गती वेगळी. शिवाय पॅडलच्या सूचना. 'उना कोर्दा' म्हणजे डावं पॅडल दाबून आवाज मऊ कर, 'तुत्ते ले कोर्दे' म्हणजे सोड. त्यातल्या एका बारात एकच स्वर पुन:पुन्हा वाजत राहतो, आधी फुलत जातो आणि मग विझतो, आणि त्याच्याच भोवती 'सेम्प्रे तेनूतो', जोर वाढवायचा 'क्रेशेंडो', कमी करायचा 'दिमिनुएंदो' आणि पॅडलचे शब्द दाटीवाटीनं उभे. हाताला स्वर एकच, डोळ्याला काम मात्र पाच जणांचं.

हा बार नीट कसा लावायचा? गतीचे शब्द वरच्या स्टाफच्या डोक्यावर, ठळक, आणि ज्या स्वरापासून गती बदलते त्याच्या डाव्या कडेशी नेमके जुळवून. इथे एका स्वराची सरकासरकी झाली तरी वादक चुकीच्या जागी गती बदलेल. पॅडलचे शब्द खालच्या स्टाफच्याही खाली, कारण पाय खाली आहेत आणि नजरेला ती सवय आहे. जोराचे आणि भावाचे शब्द मधल्या पट्ट्यात. असे तीन मजले केले की गर्दी तेवढीच राहूनही गोंधळ संपतो. मधल्या पट्ट्यातले शब्द शक्य तितके एकाच पातळीवर ठेवायचे. 'क्रेशेंडो' वर, त्यानंतरचा एफ खाली, पुढचा 'दिमिनुएंदो' परत वर, अशी जिन्याची पायरी झाली की नजर ठेचकाळते. एका शब्दाला स्वरामुळे खाली उतरावं लागलं, तर शेजाऱ्यांनीही त्याच्याबरोबर उतरलेलं बरं.

त्याच मधल्या पट्ट्यात सर्वांत चिवट शत्रू बसलेला असतो. पियानोची बारलाइन दोन्ही स्टाफ जोडत थेट वरपासून खालपर्यंत जाते. ऑर्केस्ट्राच्या वादकाच्या सुट्या कागदात स्टाफ एकच, त्यामुळे स्टाफखालचा मजकूर बारलाइनखालून सुखानं निघून जातो. पियानोत मात्र बारच्या शेवटी आलेला कुठलाही लांब शब्द तिच्यावर आदळतो. उपाय पाहायचे तर पहिला, शब्द थोडा डावीकडे ओढून बारलाइनच्या आत संपवायचा, सुरुवातीची जागा चुकत नसेल तरच. दुसरा, शब्द दोन असतील तर बारलाइन त्यांच्या मधल्या फटीतून जाऊ द्यायची. 'मोल्तो' अलीकडे, 'एस्प्रेस्सिव्हो' पलीकडे. तिसरा, मान्य संक्षेप. 'क्रेशेंडो'चा 'क्रेश.' सगळ्यांना कळतो. पण संक्षेपातही खाचा आहेत. 'रित.' म्हणजे रितार्दांदो, हळूहळू मंद होणं, की रितेनूतो, एकदम मागे खेचणं? दोन वेगळ्या गोष्टी. जिथे फरक पडतो तिथे जागा काढून पूर्ण शब्दच लिहावा.

या तिन्हींनी भागलं नाही तर शेवटचा उपाय, शब्दामागची रेष पुसणं. लिलिपाँडमध्ये याला व्हाइटआउट म्हणतात, डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'इरेज बॅकग्राउंड' असा पर्याय असतो. शब्दामागे पांढरा ठोकळा येतो, बारलाइन तेवढ्यापुरती तुटते आणि शब्द स्वच्छ उभा राहतो. बारलाइनचं काही बिघडत नाही, वर आणि खाली ती दिसतेच, मधला तुकडा डोळा स्वतः भरून घेतो. पण ही सफेदी जपून वापरायची. चौकोनी ठोकळा शब्दाच्या कडेच्या रिकाम्या जागेतलंही पुसतो, त्यात स्लरचा तुकडा किंवा स्टाफबाहेरच्या स्वराची छोटी आडवी रेघ गेली की सूरच बदलला. म्हणून लिलिपाँडमध्ये अक्षराच्या आकाराबरहुकूम पुसण्याचाही पर्याय ठेवलेला आहे, तो बहुधा बरा. दुसरं, थरांचा क्रम. ठोकळा बारलाइनच्या खालच्या थरात काढला गेला तर काहीच पुसलं जात नाही, आणि माणूस तासभर सेटिंग शोधत बसतो. तिसरं, ते चित्र रंगीत पार्श्वभूमीच्या वेबपानावर लावलं की शब्दामागे पांढरी ठिगळं उठून दिसतात. कागदावर हा प्रश्न येत नाही, तिथे पांढरं म्हणजे नुसती शाई नसणं.

जुन्या काळी हे सगळं धातूच्या पत्र्यावर ठरायचं. लाइपझिगसारख्या शहरांत संगीत कोरणं हा मोठा धंदा होता. पत्रा शिसं-कथिलाच्या मऊ मिश्रधातूचा. पाच टोकांच्या अवजारानं पाचही रेषा एकदम ओढायच्या, स्वरांची डोकी आणि अक्षरं पोलादी ठशांवर हातोडी मारून एकेक उठवायची, स्लर आणि पट्ट्या छिन्नीनं कोरायच्या. आणि हे सगळं आरशातल्या प्रतिमेसारखं, उलटं. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून ती जागा सपाट करायची आणि पुन्हा ठसा मारायचा. अशा कामात 'टाकून बघू, नाही बसलं तर सरकवू' चालत नाही. कोरणारा आधी पत्र्यावर बारीक ओरखड्यांनी आखणी करायचा, कुठे किती शब्द येणार ते धरूनच स्टाफमधली अंतरं ठरवायचा. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनासारख्या ठिकाणी हे हातकाम विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होतं. त्या जुन्या पानांवर मजकूर इतका निवांत बसलेला दिसतो याचं कारण जागेचा विचार मजकुराच्या आधी झालेला असतो.

संगणकानं हा क्रम उलटा केला. आधी स्वर भरायचे, मग सूचना चिकटवायच्या, मग टकरी सोडवायच्या. मधल्या काळात सॉफ्टवेअर या टकरी ओळखतही नव्हतं, प्रत्येक शब्द माउसनं ओढावा लागे. आता लिलिपाँड, म्युझस्कोर, डोरिको तिघेही वस्तू आपोआप एकमेकींपासून दूर ठेवतात. लिलिपाँडची रीत तर उघड आकड्यांची आहे. स्टाफबाहेरच्या प्रत्येक वस्तूला प्राधान्याचा आकडा असतो आणि लहान आकडा स्टाफच्या जवळ बसतो. जोराच्या खुणा 250, साधा मजकूर 450, तालमीसाठी लावलेली मोठी अक्षरं 1500. म्हणजे पी स्वराला चिकटून, 'दोल्चे' त्याच्या बाहेर, तालमीची खूण सर्वांच्या पलीकडे. बहुतेक वेळा हे बरोबरच असतं. पण 'पी दोल्चे' ही एकच सूचना आहे, ती एका ओळीत शेजारी शेजारी हवी. मशीन तिचे दोन मजले करतं, कारण त्याच्या लेखी त्या दोन वस्तू आहेत. तिथे माणसानंच दोघांना एकत्र बांधावं लागतं.

आकाराबद्दल एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. लिलिपाँडचा मूळ स्टाफ साधारण 7 मि.मी. उंच असतो आणि मजकूर 11 पॉइंटचा. यातल्या लहान रोमन अक्षराची उंची येते साधारण 1.8 मि.मी., म्हणजे जवळपास स्टाफच्या दोन रेषांमधल्या एका घराएवढी. पुस्तक आपण 40 से.मी.वरून वाचतो, म्युझिक स्टँड मात्र 80 से.मी.वर असू शकतो. म्हणजे तेच अक्षर डोळ्याला निम्मं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यावर निरोगी नजरेची जी ओळ असते, तिचं अक्षर डोळ्याशी 5 कला एवढा कोन करतं, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपलं 1.8 मि.मी.चं अक्षर 80 से.मी.वरून साधारण साडेसात कला भरतं. आता कागद वाचवायला स्टाफ 5 मि.मी. केला तर मजकूरही त्याच प्रमाणात आक्रसून साडेपाच कलांवर येतो. म्हणजे वादकानं वाजवता वाजवता, मंद दिव्यात, तक्त्याची अवघड ओळ वाचायची. ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाले एकाच स्टँडवरून तिरपे बघतात, ते वेगळंच. म्हणून वाजवायच्या कागदात स्टाफ 7 मि.मी.पेक्षा लहान करू नये, असं ऑर्केस्ट्रांचे ग्रंथपाल सांगतात ते उगाच नव्हे. खिशात मावणाऱ्या अभ्यासाच्या स्कोअरला हा नियम नाही, ते हातात धरून निवांत वाचायचं असतं.

मुंबईच्या फिल्म रेकॉर्डिंगच्या दुनियेत हे सगळं हातानं चालायचं. सबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी स्टाफ नोटेशनवर लिहिलेलं संगीत वादक कागद बघून वाजवत. तशा ठिकाणी न वाचता येणारा शब्द म्हणजे सरळ आणखी एक टेक.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. मराठी मुलांसाठी पियानोची पुस्तकं करायची, तर 'हळुवार', 'सावकाश', 'ठसक्यात' असं देवनागरीत का लिहू नये? जरूर लिहावं. पण रोमनसाठी घडलेले नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. पहिला घोळ शिरोरेषेचा. स्टाफच्या खाली लगेच 'हळुवार' लिहिलं की त्याची शिरोरेषा खालच्या स्वरासाठी काढतात त्या छोट्या जादा रेघेसारखी दिसते. स्वराच्या वर-खाली छोटी आडवी रेघ म्हणजे तो स्वर पूर्ण धरून वाजव, अशीही एक खूण आहे, तिच्याशीही घोटाळा होतो. त्यामुळे देवनागरी मजकुराला स्टाफपासून रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. मी निदान दोन घरांएवढं ठेवीन. भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, हे वाचत वाढलेल्यांना अशा रेघांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न तिरक्या अक्षरांचा. देवनागरीला रोमनसारखं वेगळं घडवलेलं तिरकं वळण नाही. सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच यंत्रानं कलती करतं, आणि शिरोरेषा आडवीच राहून खालचे काने कलंडलेले दिसतात. मग भाव आणि गती यांत फरक दाखवायचा तो जाडीनं दाखवावा. गती ठळक, भाव हलक्या वजनाच्या सरळ अक्षरांत. तिसरा, उंची. 'निर्धारानं' मधला रफार वर जातो, 'हळूहळू' मधले ऊकार खाली लोंबतात. रोमनसाठी आखलेल्या पट्ट्यात हे दोन शब्द एकाखाली एक आले की ऊकार खालच्या रफारात घुसतात. ओळींमधलं अंतर हातानं वाढवावं लागतं.

शेवटची तपासणी पडद्यावर करू नये. पडदा मोठा करून बघताना सगळंच सुवाच्य वाटतं. पान प्रत्यक्ष आकारात छापा, स्टँडवर लावा, दोन पावलं मागे या आणि जो तुकडा तुम्ही स्वतः टंकलेला नाही तो दुसऱ्या कुणाला वाजवायला द्या. तो कुठे अडखळतो ते बघा, त्याला काय वाटलं ते विचारू नका, कारण बहुतेक वादक वाचता न आलेल्या शब्दाचा दोष स्वतःकडेच घेतात. आणि छापताना प्रिंटरचा 'फिट टू पेज' हा पर्याय बंद ठेवा. तो पान गुपचूप पाच-सहा टक्के लहान करतो, आणि 7 मि.मी.चा स्टाफ 6.6 वर येतो.